पाय उबेत, डोकं गारठ्यात

सिकेपुल, १८ जून

गुनार्सो,

तुझ्याशी तोंडाने बोलणार नाही असं मी माझ्या लेकीच्या, लास्त्रीच्या लग्नात सगळ्या मांडवासमोर सांगितलं होतं आणि ते मी पाळते आहे. हाताबद्दल काही म्हटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. फोन मी घेणार नाही, तेव्हा तुझ्या मेव्हण्याला, पाईमिनला, 'बहिणीला दे, बहिणीला दे' करत बसू नकोस. तो बिचारा माझ्यासमोर फोन धरून उभा राहतो आणि मी बटाटे निवडत राहते. त्याचा हात अवघडतो, बाकी काही होत नाही.

तुझी तक्रार पोचली. तुझी ती विषारी वायू हुंगणारी पेटी म्हणे संध्याकाळ झाली की मुकी होते आणि सकाळी उन्हं आल्यावर पुन्हा बोलायला लागते. तिकडे बांडुंगला बसून तुला हे कळतं, चांगलं आहे. बहिणीची तब्येत तुला इतकी लांबून कधी कळली नव्हती. तर ऐक. पेटीला कुणी हात लावलेला नाही. ती आमच्या शेताच्या बांधावर उभी आहे म्हणून लगेच आमच्यावर संशय नको. यंदा कोरड्या महिन्यांतला गारठा लवकर पडलाय, एवढंच. आपण विषारी म्हणतो ते गोठलेलं दव पडायला लागलं, बटाट्याची पानं रात्रीत काळी पडतात. माणूस, कोंबडी, कोबी, सगळ्यांनाच पांघरूण लागतं. असो.

तू विचारलंस, म्बाक्यू, म्हणजे थोरली ताई, अजून रागावलीय का? राग कशाचा, हे तू विसरला असशील तर आठवण करून देते. विहीणबाईंनी पहिला घास उचलला होता. तेवढ्यात तुझ्या पेटीचा भोंगा वाजला. अख्खं वऱ्हाड ताटं टाकून मशिदीकडे वर पळालं. विहीणबाईंचा एक जोडा गेला तो आजतागायत सापडला नाही. भात बकऱ्यांनी खाल्ला. आणि सगळे धापा टाकत उभे असताना तू हातात ध्वनिक्षेपक घेऊन काय जाहीर केलंस? 'पेटी चुकलेली नाही. मांडवामागे कोंबडीखताची पोती रचलीत, त्याचा वायू तिने बरोबर ओळखला.' म्हणजे आम्ही व्याह्यांना खताशेजारी जेवायला बसवलं, हे ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांच्याही लक्षात आणून दिलंस. विहीणबाई, बु मुर्दिया, अजून माझ्या घरी बसण्याआधी नाकाने दोनदा हुंगतात.

त्याच संध्याकाळी आपल्या गावप्रमुखाने, कस्मुरीने, भोंग्याची तार कापली. तेव्हापासून पेटीला फक्त दिव्याचा एक डोळा आहे, हिरवा नाहीतर लाल. तोही कुणी बघत नाही. बघते फक्त वेनिंग. त्याच लग्नाची ही लेक, माझी नात, आता सहा वर्षांची आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. आपल्याकडच्या काही पोरांना येतात तशा तिलाही तापानंतर डोक्यात जटा आल्या आहेत, चांगल्या दोरखंडाएवढ्या. ती रोज सकाळी पेटीपाशी जाते आणि येऊन मला, आजीला, वर्दी देते, "म्बाह, हिरवा."

पार्सिनी
(तुझी बहीण असं मुद्दाम लिहिलेलं नाही.)


३ जुलै

गुनार्सो,

तुझं पत्र आलं. पाकिटात एवढा मोठा कागद आणि वर एकच ओळ: 'म्बाक्यू, पेटीवर काय झाकलं होतंस?' खाली मग बारीक अक्षरात दोन पानं शिकवणी.

ठीक आहे. माझं तपकिरी लुगडं. दुहेरी करून. पण मला आधी सांग, मी तरी काय करणार होते? कोंबड्यांना गोणपाट घातलं, कोबीवर प्लास्टिक ओढलं, आणि ती एकटीच बांधावर उभी, पत्र्याच्या पातींवर पांढरं दव जमलेलं. राग मला तुझ्यावर आहे, पेटीवर नाही. म्हणून रोज तिन्हीसांजेला जाऊन पांघरूण घालत होते आणि सकाळी काढत होते. गाठही मारत होते, वाऱ्याने उडू नये म्हणून.

आता तू लिहितोस की तिच्यात बॅटरी नाही, उन्हाची पाटी नाही. तिचे पाय खोल गरम मातीत आहेत, डोकं गार हवेत, आणि या दोन्हींत जेवढं अंतर तेवढी वीज ती स्वतःच तयार करते आणि त्या विजेवर हवेचा वास घेते. डोकं उबदार झालं की तिची उपासमार होते. म्हणजे मी मायेने रोज रात्री तिच्या तोंडचा घास काढून घेत होते! हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? 'बोलत नव्हतीस' असं लिहू नकोस, ते मला ठाऊक आहे.

मी हे पाईमिनला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाय उबेत, डोकं गारठ्यात. बायको, तुझं नेमकं उलटं असतं." त्या दिवशी त्याला कॉफी मिळाली नाही.

कस्मुरीलाही सांगितलं, कारण तो त्याच पातींवर पायमोजे वाळत घालतो. तो मला म्हणतो कसा, "पार्सिनी, या पेटीने गावाचं आजवर काय भलं केलंय? निदान माझे मोजे तरी वाळू देत." मी मोजे काढून त्याच्या बदकांच्या खुराड्यावर टाकले. तू लिहिलंयस की दोन वर्षांपूर्वी माणूस पाठवून पेटी सुधारून घेतलीस, आता ती खताला फसत नाही. तेही मी त्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

शेवटचं वाक्य तू दोनदा अधोरेखित केलंयस. डोळा लाल झाला तर वर मशिदीच्या अंगणात जायचं, खाली झऱ्याकडे मुळीच नाही, कारण ज्वालामुखीच्या विवरातला तो वायू जड असतो, दिसत नाही, वासही येत नाही, आणि खळग्यात पाण्यासारखा साठतो. गुनार्सो, हे मला शिकवायची गरज नव्हती. वायू सुटला त्या साली आई खाली झऱ्याकडे गेली, हे तुला लोकांनी सांगितलंय. मी ते पाहिलंय. मी तुला कडेवर घेऊन वर गेले. तू ओला झाला होतास, सारखा रडत होतास आणि जड होतास. मी आठ वर्षांची होते.

वेनिंगने मात्र ते वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. लाल म्हणजे वर. आता ती कोंबड्यांनाही तेच शिकवते आहे.

पार्सिनी


१७ जुलै

गुनार्सो,

तू मला नव्या संकटात टाकलं आहेस. म्हणजे तू काही केलेलं नाहीस, पण पेटी तुझी आहे.

गेल्या शुक्रवारी वेनिंग आपणहून म्हणाली, "माझे केस कापा." घरात आनंदीआनंद झाला. पोराने स्वतः म्हटल्याखेरीज जटेला कात्री लावता येत नाही, आणि ते म्हणेपर्यंत ताप काही पाठ सोडत नाही, हे तू बांडुंगला राहून विसरला नसशील. आणि पोर जे मागेल ते द्यावंच लागतं, हेही विसरला नसशील. दिलं नाही तर जटा परत येते आणि ताप दुपटीने येतो. गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या मुलाने दोन बकऱ्या मागितल्या. एका मुलीने बदकाचं एक खारवलेलं अंडं आणि पोलिसांच्या गाडीतून एक फेरी मागितली. पोलिसांनी फेरी मारली, अंडंही त्यांनीच आणलं.

तर केस कापणारे म्हातारे म्बाह रुसमान आले. सतरंजीवर बसले, सोयाबीनच्या टेंपेची भजी खाल्ली, आणखी खाल्ली, मग विचारलं, "सांग बाळा, काय हवं?" लास्त्रीच्या नवऱ्याने सायकलची तयारी ठेवली होती. आम्ही सगळे सायकल ऐकायला कान देऊन बसलो होतो.

"पेटी," वेनिंग म्हणाली.

"कसली पेटी?"

"म्बाहच्या बांधावरची. हिरव्या डोळ्याची."

पाईमिनला भज्याचा ठसका लागला. मग आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. सायकल घे, बकऱ्या घे, टीव्ही घे. तिने सगळ्यांना मिळून एकदाच मान हलवली. बु मुर्दिया म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कुणी असं वेडंवाकडं मागितलेलं नाही. हे तुमच्याकडचं." मी म्हटलं, "हो, माझ्या भावाचं." पहिल्यांदाच आमचं दोघींचं एकमत झालं.

नंतर मी पोरीला मांडीवर घेऊन विचारलं, "काय करशील गं त्या पेटीचं?" ती म्हणाली, "म्बाह, ती रात्रभर एकटीच जागी असते. तिला घरात आणून झोपवीन."

मी लुगडं घातलं होतं, ही गादी घालणार. आमच्या रक्तातच आहे ते.

म्बाह रुसमाननी तिथी काढली आहे, ११ ऑगस्ट, नेहमीप्रमाणे झऱ्यावर. तोवर तू दुसरी पेटी पाठव. एक पोरीला, एक बांधाला. मी मागत नाहीये, फक्त कळवते आहे.

पार्सिनी


३० जुलै

गुनार्सो,

नाही म्हणायला चार पानं लागतात हे मला माहीत नव्हतं. मी अर्ध्या शब्दात म्हणते.

समजलं ते असं. अशा पेट्या एकूण तीनच. उरलेल्या दोन विवराच्या काठावर आहेत, त्या हलवता येत नाहीत. नवी करायला वर्ष लागतं. आणि आमची पेटी या महिन्यात कधी नव्हे इतकी तरतरीत आहे, तिला पोटभर वीज मिळते आहे, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे, कारण याचा अर्थ पायाखालची माती तापली आहे. हे वाचून माझे स्वतःचे पाय गार पडले. तिला कुणीही, कुठल्याही कारणाने उपटायचं नाही, असं तू लिहितोस.

ते मी घरात वाचून दाखवलं. मग पाईमिनने डोकं चालवलं. तो डोकं चालवतो तेव्हा मला धडकी भरते. त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला चार पाय जोडले, वर पाती लावल्या, आत लेकराच्या खेळण्यातला हिरवा दिवा बसवला आणि रात्रीतून रंग दिला. हुबेहूब केली होती, मी खोटं का बोलू. सकाळी वेनिंगसमोर ठेवली. तिने दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून पायांना हात लावला आणि म्हणाली, "हिचे पाय थंड आहेत." झालं. पाईमिन दिवसभर गोठ्यात होता.

म्बाह रुसमान मला वेगळे रागावले. पूर्वजांना बिस्किटाचा डबा दाखवता का म्हणाले. मागितलं ते द्यायचं, त्यात चलाखी चालत नाही.

आणि आता कस्मुरी. त्याला तर हर्षच झालाय. "पोरीला देऊन टाका की! गावाचा आशीर्वाद, पोरीचा ताप गेला आणि पेटीही गेली." विधी झाला की लगेच उपटायची असं गावात ठरलं आहे. हरकत घेणारी मी एकटी होते. मला विचारलं, भोंगा वाजला तेव्हा पेटी खरी होती की खोटी? मी काय सांगणार होते, खत खरं होतं म्हणून?

गुनार्सो, मी अडकले आहे. पेटी ठेवली तर पोरीचा ताप, पेटी दिली तर आई ज्या वाटेने गेली ती वाट उघडी. तू हुशार आहेस, काहीतरी सुचव. चार पानं नकोत.

पार्सिनी


८ ऑगस्ट

गुनार्सो,

'अडाणीपणा' हा शब्द तू लिहिलास. खोडलास, पण दिसतो.

तुला वेनिंगचा ताप ठाऊक नाही. डोळे वर जातात, हात आखडतात, आणि लास्त्री भिंतीशी बसून नुसती बघत राहते. जटा कापली की तो जातो असं आम्ही मानतो. तुझ्या यंत्राने मोजून दाखव की नाही जात, मग बोल. तोवर माझं ठरलं आहे. तीन दिवसांनी पेटी पोरीला मिळणार. मला झोप लागत नाही, पण ठरलं आहे.

तुला येऊन अडवायचं असेल तर ये. मी बोलणार नाही. जेवायला वाढेन.

पार्सिनी


१७ ऑगस्ट

गुनार्सो,

पाईमिनने तुला फोनवर सांगितलं असेलच, पण त्याला कुठलीही गोष्ट धड सांगता येत नाही. म्हणून मी लिहिते.

आधी हे की माणसं सगळी सुखरूप आहेत. कस्मुरीची बदकं गेली.

त्या सकाळी वारा अजिबात नव्हता आणि गारठा असा की बोलताना दात वाजत होते. मिरवणूक निघाली. पुढे म्बाह रुसमान, मागे पांढऱ्या कपड्यांत वेनिंग, तिच्यावर छत्री, मग भाताचा मनोरा, आणि मनोऱ्याला चिकटून विहीणबाई. गेल्या वेळचा भात त्या विसरलेल्या नाहीत. पाईमिन फोनवर चित्रण करत उलटा चालत होता आणि दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी अंगावर पडत होता. कस्मुरीच्या खांद्यावर कुदळ होती, पेटी उपटायला.

झऱ्याकडे उतरण्याआधी आपला बांध लागतो. तिथे वेनिंग थांबली.

"म्बाह, लाल."

मी पाहिलं. लालच होता.

कस्मुरी ओरडला, "आली! लग्नात आली तशी आजही आली! पाईमिन, काल खत उतरवलंस ना रे?" उतरवलं होतं, कोपऱ्यात ढीग होता. सगळे हसायला लागले. विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. गुनार्सो, पेटी आता खताला फसत नाही हे मला आठवत होतं. तुझं अधोरेखित केलेलं वाक्य आठवत होतं. आणि तरीही मी पोरीचा हात धरला आणि म्हटलं, "खताचं असेल गं, चल, उशीर होतोय." ते हसणं मी सात वर्षं ऐकते आहे. मला ते पुन्हा नको होतं, बस.

आम्ही खाली उतरलो. त्या खळग्यात, झऱ्यापाशी, अख्खा गाव.

म्बाह रुसमाननी पोरीला चटईवर बसवलं, डोक्यावर फुलांचं पाणी घातलं, कात्री काढली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "वेनिंग, काय मागतेस? नीट विचार करून सांग. मागणं एकदाच मिळतं."

तिने मान वळवून वर बांधाकडे पाहिलं. खालूनही तिचा डोळा दिसतो.

"सगळ्यांनी वर जायचं," ती म्हणाली. "मशिदीच्या अंगणात. आत्ता."

"आणि पेटी?"

तिने पुन्हा बांधाकडे पाहिलं. पण रडली नाही. "पेटी नको. वर जायचं."

कुणी हललं नाही. कस्मुरी म्हणाला, "म्बाह, लेकरू घाबरलंय. कापून घ्या, मग बघू वरचं." म्बाह रुसमानना दोन पायऱ्या चढायच्या तर गुडघ्यांना शिव्या घालाव्या लागतात. त्यांनी कात्री कमरेला खोचली आणि उभे राहिले. "मागितलं म्हणजे द्यायचं. मनोरा उचला."

आणि गाव निघाला. तुझ्या भोंग्याची ज्यांनी तार कापली, तुझ्या चार पानांचं ऐकलं नाही, ते सगळे पोरीच्या तापाला भिऊन चढण चढायला लागले. कुरकुर करत, माझ्या माहेराचा उद्धार करत, पण चढले. विहीणबाईंनी जोडे आधीच काढून हातात घेतले होते. मनोऱ्याची एक बाजू त्यांनी स्वतः धरली आणि वाटभर म्हणत होत्या, "या घरी जेवण बसल्या जागी झालेलं मी अजून पाहिलं नाही."

वर पोचलो. कस्मुरीने विनोद सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तो खाली बघत होता. झऱ्याच्या डबक्यात त्याची बदकं पोहत होती. एकाने मान पाण्यावर टाकली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. कुठे धूर नाही, आवाज नाही, वास नाही. चटई होती तशीच पडलेली, फुलं होती तशीच पाण्यावर.

मी आधी वेनिंगला शोधलं. ती माझ्याच लुगड्याला धरून उभी होती. मग मला रडू फुटलं. मोठ्याने रडले, व्याह्यांसमोर रडले, आईच्या नावाने रडले. ती गेली त्या दिवशी तुला गप्प करायचं होतं म्हणून मला रडता आलं नव्हतं. विहीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लग्नात पळालो ती तालीम होती असं समजते मी." एवढं बोलून त्यांनी मला त्यांच्या पदराने नाक पुसू दिलं.

जटा तिथेच, मशिदीच्या अंगणात कापल्या. भातही तिथेच जेवलो. दुपारी विवरावर नजर ठेवणाऱ्या चौकीवरची माणसं मुखवटे लावून आली, झऱ्याला दोरी बांधली आणि म्हणाली, काही दिवस इकडे फिरकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कस्मुरीने भोंग्याची तार आपल्या हाताने जोडली. जोडून झाल्यावर मला हळूच विचारलं, मोजे आता कुठे वाळत घालू?

तू सकाळपासून पाईमिनला फोन करत होतास हे नंतर कळलं. तो म्हणतो, चित्रण खराब होत होतं म्हणून मी दर वेळी 'नको' दाबलं. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. चित्रण पाहिलं मी, त्याने चुकून फोनच्या पडद्याचंच केलंय. मिरवणुकीच्या डोक्यावर सारखं तुझं नाव उमटतं. छत्रीवर गुनार्सो, मनोऱ्यावर गुनार्सो, विहीणबाईंच्या तोंडावर गुनार्सो. तू तिकडे एकटा काय अवस्थेत असशील ते मला त्यावरून कळलं.

वेनिंगला ताप नाही. केस रीतीप्रमाणे सरोवरात सोडले. ती अजून रोज सकाळी बोडकं डोकं घेऊन पेटीपाशी जाते, तिच्या पायांना हात लावते आणि येऊन सांगते, "म्बाह, हिरवा." पेटी मात्र मागत नाही. मागणं एकदाच असतं हे तिला माहीत आहे. हट्ट केला असता तर मी रागावले असते, तिचं न मागणं मला सोसत नाही.

परवा तिने विचारलं, "म्बाह, म्हाताऱ्या माणसांना जटा येते का?" मी म्हटलं, न विंचरली तर येत असेल. तेव्हापासून मी विंचरलेलं नाही. मानेपाशी चांगला गुंता झालाय. म्बाह रुसमानना दाखवला. ते म्हणाले, म्हातारीच्या जटेचा नियम कुठे सांगितलेला नाही, पण कापायची झाली तर मागितलेलं द्यावंच लागेल.

माझं मागणं ठरलं आहे. पोरीसाठी एक पेटी, गरम पायांची. तिला वर्ष लागतं म्हणालास, लागू दे. ती टपालाने नको, घेऊन येणारा माणूस मी सांगेन तोच हवा. आणि माणूस आधी आला आणि पेटी मागून आली तरी माझी हरकत नाही. तो आला की मी तोंडाने बोलेन. सात वर्षांचं साठलंय, तेव्हा कान शाबूत ठेवून यायला सांग त्याला.

पण लवकर. गुंता वाढतोय, आणि विहीणबाई हुंगायला लागल्या आहेत.

तुझी बहीण,
पार्सिनी